‘आवाजातला दमच काढून टाकला’ या रिव्ह्यूला स्टुडिओचं उत्तर

नमस्कार. तुमच्या गाण्याच्या मिक्सबद्दलचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. आवाजातला दम गेला, गाडीत ऐकलं तर पत्र्याच्या डब्यातून गातोय असं वाटतं, शेवटच्या मुखड्याआधी अख्खं गाणं पाण्यात बुडतं, आणि आम्ही प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग) लावून काम उरकलं, असं तुम्ही लिहिलंय. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी प्रोजेक्ट पुन्हा उघडून बघायचा होता.

दम गेलाय, हे खरं आहे. चूक माझी.

पहिल्या अंतऱ्यात तुम्ही जिथे सगळ्यात खाली उतरता तो सूर 110 हर्ट्झचा आहे. व्होकल ट्रॅकवर हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक आकड्याखालचे सूर कापणारी चाळणी, होता 140 वर; उतार, म्हणजे कापण्याचा कडकपणा, 24 डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (कंपन निम्मं होईल एवढं अंतर). हिशेब केला तर त्या सुराचं मूळ कंपन तिथेच जवळपास 9 डेसिबलने खाली जातं. पुढे लीड (मुख्य आवाज) आणि कोरस ज्या बसवर, म्हणजे सामायिक ट्रॅकवर, एकत्र येतात, तिथे 100 हर्ट्झवर आणखी एक हाय-पास, 12 डेसिबल उताराचा. त्याने वरचे 2 नेले. एकूण 11. एवढं गेल्यावर दम राहणार कुठून?

मग ते माझ्या कानातून निसटलं कसं? 220 हर्ट्झचा पुढचा हार्मोनिक (मूळ सुरासोबत वाजणारा वरचा सूर) जवळजवळ शाबूत होता, आणि वरचे हार्मोनिक जागेवर असले की कान मूळ सूर स्वतःच भरून काढतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर बास गिटारची चाल कळते ती याच जोरावर. मी शेवटची तपासणी छोट्या स्पीकरवर केली, सूर नीट ऐकू आला, पुढे गेलो. गाडीतले स्पीकर खालचंही वाजवतात, त्यामुळे तिथे पोकळपणा लगेच उघडा पडला.

आता प्रीसेट. विकतचा प्रीसेट नव्हता. पण 140 हा आकडा तुमचा आवाज ऐकून ठरलेला नाही हेही तितकंच खरं. तो माझ्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे काम सुरू करायच्या तयार साच्यात, आधीपासून होता, उंच पट्टीत गाणाऱ्यांसाठी ठेवलेला. मुखड्यात ड्रम, बास आणि दोन गिटार सुरू असताना ऐकलं तेव्हा आवाज छान बसत होता, म्हणून हात लावला नाही. पहिल्या अंतऱ्यात मागे एकच गिटार आहे. तिथे फिल्टर खाली आणायला हवा होता आणि मी तो आणला नाही. तेव्हा तुमचा आरोप अगदीच खोटा म्हणता येत नाही मला.

मात्र ‘फिल्टर लावायलाच नको होता, कच्चं रेकॉर्डिंग बरं होतं’ हे मान्य नाही. कच्च्या टेकमध्ये विजेची 50 हर्ट्झची घरघर आहे, पायाने धरलेला ताल स्टँडमधून माइकमध्ये आलाय, आणि तुम्ही माइकच्या अगदी जवळून गायल्यामुळे खालचा भाग फुगलाय. हे सगळं सुटं ऐकताना फारसं खटकत नाही, पण कॉम्प्रेसरला, म्हणजे आवाज मोठा झाला की तो आपोआप दाबणाऱ्या यंत्रणेला, ते बरोबर ऐकू जातं. परवा मुद्दाम फिल्टर बंद करून बघितला: दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीच्या ‘भ’ला हवा माइकवर आदळली, कॉम्प्रेसरची सुई धपकन पडली आणि पुढची दोन अक्षरं गिळली गेली. कच्चं रेकॉर्डिंग एकटं ऐकताना बरं वाटतं. गाण्यात ठेवलं की गोंधळ घालतं.

लिनिअर-फेज फिल्टर (सगळे सूर सारख्याच वेळाने पुढे सोडणारा) वापरला असता तर हे झालं नसतं, असं तुमच्या मित्राचं मत तुम्ही दिलंय. नाही, झालंच असतं. 140 वर, त्याच उताराने, तोही तेवढाच कापतो. शिवाय इतक्या खाली कडक उतार दिला की ठोक्याच्या आधीच त्याची सावली ऐकू यायला लागते. एकाच आवाजाच्या दोन प्रतींवर वेगवेगळे फिल्टर लागणार असतील, तर मी तो जरूर घेतो. तुमच्या व्होकलची कॉम्प्रेसरने दाबलेली एक प्रत समांतर चालते खरी, पण दोन्हींवर फिल्टर सारखाच होता.

राहिलं बुडणं. तो लो-पास, म्हणजे वरचे सूर कापणारा फिल्टर, मुद्दाम आहे. चार बारमध्ये कटऑफ (जिथून कापणं सुरू होतं तो आकडा) 400 हर्ट्झपासून हळूहळू उघडत जातो. तेवढा वेळ कानाला वरचं काही मिळालं नाही की झांजा परत आल्यावर, पातळी न वाढवताही, मुखडा मोठा वाटतो. यात माझी हुशारी काही नाही; सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्या लॅडर फिल्टरपासून, म्हणजे 1960 च्या दशकापासून, सिंथेसायझरवाले हेच करत आलेत. पण रेझोनन्स (कटऑफजवळचे सूर उठवणं) मी जास्त ठेवला होता, उघडताना मध्येच एक शिट्टी वाजते. ती आता घालवली. तो भाग नकोच असेल तर काढून देतो. मला विचाराल तर राहू द्या.

दुरुस्ती अशी केलीय: अंतऱ्यात हाय-पास 75 हर्ट्झवर, उतार 12 डेसिबलचा, म्हणजे तुमच्या त्या सुरातला 1 डेसिबलही जात नाही. मुखड्यात तुम्ही वर गाता, तिथे तो 120 वर सरकतो. हे सरकणं तुमच्या श्वासाच्या जागेत लपवलंय. घरघरीसाठी 50 वर वेगळा अरुंद नॉच, म्हणजे फक्त तेवढाच सूर कापणारा फिल्टर, लावला. ‘भ’चे तीन धक्के हाताने कमी केले. बसवरचा फिल्टर काढून टाकला.

नवा मिक्स काल पाठवलाय. याचे वेगळे पैसे नाहीत. सोबत जुना मिक्सही दिलाय, दोन्हींची पातळी सारखी करून, कारण जी फाइल जोरात वाजते तीच चांगली वाटते. गाडीतच ऐका. अजूनही आवाज पातळ वाटला तर कोणत्या सेकंदाला ते कळवा, तिथला फिल्टर आणखी खाली नेतो.