दात पिवळे म्हणजे घासत नाही, असं नसतं

शाळेत दंततपासणी झाली की मुलांच्या कार्डावर 'दात अस्वच्छ' हा शेरा सर्रास मारला जातो. मी दातांचा डॉक्टर आहे आणि हा शेरा मला फार खटकतो. यवतमाळ, चंद्रपूर किंवा नांदेडच्या किनवटकडे अशा मुली भेटतात ज्यांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग असतात. त्यांना 'नीट ब्रश करत जा' म्हणणं हा अन्याय आहे. ते डाग पाण्याचे आहेत.

तिकडे काही गावांत बोअरच्या, हातपंपाच्या पाण्यात खडकातलं फ्लोराईड जास्त उतरतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त फ्लोराईडचं पाणी लहानपणी रोज पोटात गेलं, की हिरडीच्या आत तयार होत असलेल्या दाताचं वरचं कवच कच्चं राहतं. साधारण आठव्या वर्षापर्यंत हा धोका. म्हणजे दात डाग घेऊनच उगवतो. घासून तो निघणार कसा? पण पोरं घासतात, मीठ-लिंबू चोळतात, राखुंडी घासतात, आणि आधीच कच्चं असलेलं कवच आणखी झिजतं. मुली फोटोत तोंड मिटून हसतात. लग्नाच्या बोलणीत हे दात मध्ये येतात, तेव्हा तर फार वाईट वाटतं.

आईला गरोदरपणात किंवा मुलाला लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं असेल, तरी दात आतूनच पिवळट-करडे होतात. तिथेही घासण्याचा संबंध नाही.

बाहेरून चढणारे डाग वेगळे. चहा, पान, तंबाखू, लोहाचं पातळ औषध, काही माउथवॉशही दातांना रंग चढवतात. हे डाग डॉक्टरकडे सफाई केली की बहुतेक निघतात. आणि कीटण म्हणजे नुसता डाग नव्हेच. दातावरचा जंतूंचा चिकट थर वेळेवर निघाला नाही, तर लाळेतल्या कॅल्शियमने तो दगडासारखा होतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला तो सगळ्यांत जास्त दिसतो, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. 'कीटण काढलं की दात हलायला लागतात' हे मी जवळजवळ रोज ऐकतो. अहो, दाताला धरून ठेवणारं हाड आधीच खचलेलं असतं, कीटणाने ते झाकून ठेवलेलं असतं.

मशेरीबद्दल मात्र बोलायलाच हवं. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांना लावायची. आपल्याकडच्या कितीतरी आज्या, मावश्या याला दात घासणंच समजतात. दात काळे पडतात, पण मला काळजी रंगाची नाही. तंबाखू हिरडीला लागून राहते, तल्लफ बसते, मग दुपारी आणि रात्रीही लावली जाते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्याला कोण अडवणार? या बायकांना रागावू नका. दात ठणकायचा तेव्हा त्यांना कुणी दवाखान्यात नेलं नाही, मशेरीनेच तेवढं बधिर केलं.

पाण्याकडे परत येतो. उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ते कमी करण्याची पद्धत कधीच शोधून दिली आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. माझी मागणी एवढीच आहे: दंततपासणीच्या कार्डावर 'घरी पाणी कुठलं पिता' असा एक रकाना ठेवा. एका वर्गातल्या चार मुलांचे दात सारखेच डागाळलेले दिसले, तर त्याच आठवड्यात त्या हातपंपाचा नमुना तपासणीला गेला पाहिजे.