बटण कुठाय?

काल नळ स्टॉपच्या सिग्नलला, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, अशा त्या घुमटात माझ्या गाडीतून एका सराफाची जाहिरात सुटली. बायकोच्या फोनवरून ब्लूटूथने कीर्तन चाललं होतं. बुवा विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येत होते, म्हणून मी गाडीचा आवाज 30 वर नेला. तेवढ्यात फोनची बॅटरी संपली आणि सिस्टिम आपणहून रेडिओवर गेली. 30 वरच.

स्क्रीनवर वजाचं चिन्ह दाबलं, तर बास-ट्रेबलचं पान उघडलं. मागे जायला गेलो, तर घड्याळ लावायचं आलं. मजुरीवर सूट चालूच.

शेजारच्या स्कूटरवरच्या काकांनी काचेवर टकटक केलं. हेल्मेट कोपराला. मी काच खाली केली, तशी उरलेली जाहिरातही कर्वे रस्त्यावर गेली.

"कमी ऐकू येतं का हो?"

"नाही काका, कमीच करतोय."

"बटण कुठाय?"

"याला बटण नसतं."

"मग कमी कसं करता?"

"स्टेअरिंगवर असतं, पण टॉप मॉडेलला. आमचं मधलं आहे."

"मधलं आहे म्हणे," काकांनी मागच्या रिक्षावाल्याला कळवलं. त्यानेही मान हलवली. मग काका डोकं आत घालून थेट बायकोला म्हणाले, "फोनचा आवाज किती होता?"

"निम्मा."

"तिथेच चुकतंय! फोनचा पूर्ण ठेवायचा, गाडीचा कमी. आणि हे सगळं घरून निघतानाच लावायचं. जावयाच्या गाडीत मीच लावून दिलंय."

सिग्नल सुटला. काका गेले, हेल्मेट कोपरालाच.

आमच्या जुन्या मारुतीला गोल बटण होतं. नजर रस्त्यावर, डावा हात बरोबर त्यावर. आता आधी स्क्रीन बघा, मग बोट नेमा, मग चुका. ताशी 60 च्या वेगात दोन सेकंदं खाली बघितलं, तर गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे तीन एसट्यांएवढी. हातात फोन दिसला की पोलीस पावती फाडतात, आणि फोनच्या दुप्पट पडदा कंपनीनेच समोर चिकटवला की त्याला फीचर म्हणायचं! वर त्याचेच पैसे घ्यायचे. बटणाचे वेगळे.

घरी पार्किंगमध्ये फोन चार्जिंगला लावला, त्याचा आवाज पूर्ण, गाडीचा 12. बुवा मागच्या सीटवर बसल्यासारखे स्वच्छ. दोनदा तपासलं, कुठे चूक सापडते का म्हणून.

रात्री बायकोने सगळा प्रकार तिच्या बहिणीला सांगितला. साडूंकडे टॉप मॉडेल आहे.