एक मनुका पाच मिनिटं, आणि मग?

आज ऑफिसात सगळ्यांना एकेक मनुका वाटली. हो, एकच. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत, एसीत, चाळीसेक माणसं तळहातावर मनुका घेऊन बसलेली. आधी बघा, मग हुंगा, कानाशी नेऊन दाबा, जिभेवर ठेवा, चावायचं नाही अजून. 'माइंडफुल ईटिंग'ची कार्यशाळा! शिकवणारी मुलगी गोड होती, तिच्यावर राग नाही. तो धडाही तिने मनाने काढलेला नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये ताण कमी करायचा कोर्स सुरू केला, त्यातली ही प्रसिद्ध मनुका.

डोकं फिरलं ते नंतर. दार उघडलं तर बाहेर बुफे. पनीर, नूडल्स, बिर्याणी, गुलाबजाम, सगळं एकाच ताटलीत एकावर एक, उभ्याने, आणि दुसऱ्या हातात मोबाईल. ज्या गृहस्थांना मनुकेत 'मातीचा वास' आला होता त्यांना विचारलं, बिर्याणी कशीय? म्हणाले, "बिर्याणी होती?" ताटली चाटूनपुसून साफ. बोनलेस होती, अर्थात.

मला आते आठवली. आमचं ऑफिस जिथे आहे तिथे पूर्वी गिरणी होती आणि आते तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, लालबागच्या चाळीत राहायची. १९८२ चा संप लागला, तिच्या यजमानांचा पगार थांबला, घरातली सुरमई गेली आणि तारली आली. तारली म्हणजे केसासारखे काटे. तिरफळं घातलेलं तारल्यांचं तिखलं आणि भात. आते अंगठ्याने पाठीवरचं मांस अलगद सरकवायची, मधला काटा अख्खा उचलून ताटाच्या कडेला ठेवायची, मग बोटांच्या टोकांनी चाचपत बारीक काटे वेचायची. आम्हा पोरांना घाई. "सावकाश जेव गो, काटो लागात!" लागलाच तर कोरड्या भाताचा गोळा गिळायचा आणि पुढे.

त्या कार्यशाळेत सांगितलं, जठराला ताण बसून, आतड्यांतून हार्मोन सुटून पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला साधारण २० मिनिटं लागतात. बरं मग? दोन तारल्या खायला आतेला त्याहून जास्त वेळ लागायचा. काट्यापुढे घाई चालतच नाही. पोट भरलं की ताटावर हात आडवा धरायची, "पुरे माका." चरकसंहितेत न बोलता, न हसता, मन लावून जेवावं असं आहे. त्यातल्या पहिल्या दोन्हींत आते सपशेल नापास, अख्ख्या चाळीची खबर ती जेवतानाच घ्यायची. पण बोटांचं लक्ष ढळलं नाही कधी.

आणि आपण काय केलं? अन्नातला काटाच काढून टाकला. बोनलेस चिकन, फिश फिलेट, बिनबियांची द्राक्षं, सोललेलं डाळिंब डबीतून. रायवळ आंबा चोखायला बसलं की हात कोपरापर्यंत बरबटतात, दोन-तीन आंब्यांत जीव तृप्त होतो. आमरस? वाटीमागून वाटी, गटागटा, कारण 'अनलिमिटेड' आहे आणि पैसे वसूल करायचेत! कोणाकडून वसूल करताय बाबांनो, स्वतःच्या पोटाकडून?

आता लिहाल, गरिबीचं कौतुक करू नकोस. मान्य. पापलेट परवडलं असतं तर आतेने तारलीकडे ढुंकूनही बघितलं नसतं. आपल्या पंगतीतला आग्रह तरी कुठे कमी होता, हेही मान्य. आणि विरार लोकलमध्ये डबा उघडून चार घास खाणाऱ्या बाईला कोणी शहाणपण शिकवू नये, मी तर नाहीच नाही.

पण हॉटेलात दोन वर्षांच्या पोरासमोर मोबाईल उभा करून त्याच्या तोंडात घास कोंबणारे आईबाप बघितले की माझा तोल जातो. त्या लेकराला डाळभात जातोय की इडली, पत्ता नाही. ते नको म्हणून मान वळवतं, तर तुम्ही व्हिडिओ बदलता! नको म्हणणं हीच तर त्याच्याकडे जन्मजात आलेली गोष्ट. ती तुम्ही मोडून काढायची आणि तिशीत त्याने पैसे भरून मनुका चघळत परत शिकायची?

असो. फार चिडले.

आमच्या मजल्यावरच्या जैन काकी उणोदरी पाळतात, भुकेपेक्षा चार घास कमी. त्यांच्या धर्मात ते तप आहे. मला तप जमणार नाही, मी खादाड बाई आहे आणि खादाडच राहणार. मला तिखल्याच्या दुसऱ्या घासालाही पहिल्याइतकी मजा यायला हवी, इतकंच.

शाकाहारी मैत्रिणींनी उगाच सुटल्यासारखं वाटून घेऊ नये. तुमच्यासाठी शेवग्याची शेंग आहे. आमटीतली, भरपूर गर असलेली. ती मोबाईल बघत खाऊन दाखवा आणि चोथ्याचे फोटो कमेंटमध्ये टाका. शेंगेतून गर काढून सूप करून देणाऱ्या हॉटेलांची नावं मात्र सुचवू नका, ब्लॉक करीन.