खवणी, करंजी आणि चहाचा डाग

इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळाली होती म्हणून इतकी वर्षं मी समजून चाललो होतो की आपल्याला चित्र येतं. पण डिझाइनच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात बॉस म्हणाला, कॉम्प्युटर बंद कर, आधी हाताने ५० स्केचेस काढ आणि तीही बॉलपेनने. पेन्सिल का नाही, तर खोडरबर हाताशी असला की माणूस एकाच रेघेशी भांडत बसतो आणि पुढची आयडिया सुचतच नाही. मुद्दा पटला. ५० हा आकडा नाही पटला.

काढायची होती नारळाची खवणी. ओट्याला चिकटून बसणारं रबरी बूड, एका बाजूला फिरवायचा दांडा, दुसऱ्या बाजूला दातेरी पाती. म्हणजे जिकडे तिकडे गोल, आणि गोल तिरका बघितला की त्याचा होतो लंबगोल, आणि तिथेच आमचं घोडं पेंड खातं.

लंबगोलाचं शास्त्र ऐकायला सोपंय. त्याचा लहान अक्ष, म्हणजे मधली आखूड रेघ, पाती ज्या दांड्यावर फिरते त्याच्याच रेषेत यायला हवा, नाहीतर सायकलची रिम आऊट गेल्यासारखं दिसतं. टोकं गोलच राहायला हवीत, माझी निमुळती व्हायची आणि पातीची करंजी व्हायची. आणि रेघ मनगटातून नाही, खांद्यातून ओढायची, त्याआधी पेन न टेकवता हवेतच दोन-तीनदा हात फिरवून घ्यायचा म्हणजे वळण हातात बसतं. हे मी रात्री डायनिंग टेबलवर मन लावून करत होतो तर आई मागून म्हणाली, "कुणाची दृष्ट काढतोयस रे?"

बारावा कागद तिने चष्मा लावून बघितला. "गोगलगाय मस्त आलीये हं."

"अगं पंप आहे तो," बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, सरळ थ्रीडी मॉडेल का नाही केलंस? केलं ना, एकदा बॉस रजेवर असताना केलं. चकाचक, सावलीबिवली टाकून नेलं, तर क्लायंट पाऊण तास फक्त रंगावर बोलला, पोपटी की मेंदी. दांड्याबद्दल एक शब्द नाही. गुळगुळीत चित्र बघितलं की लोकांना वाटतं सगळं ठरलेलंच आहे, आपण कशाला बोला. कच्च्या रेघा असल्या की तोच माणूस आपलं पेन काढून "हे इकडे घ्या की" म्हणतो. हे मला कळतं हो, हाताला कळत नाही.

तर शेवटी त्यातल्या त्यात बरं स्केच घेऊन गेलो भोसरीला, नमुना करून देणाऱ्या मिस्त्रीकाकांकडे. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, मग परत उलटा.

"साहेब, ह्या चार रेघांतली खरी कुठली?"

"काका, ती म्हणजे... साधारण मधली."

"बरं. आणि हे भोक आरपार पाडायचं का नुसती खाच?"

भोक? मी वाकून बघितलं. तो चहाच्या ग्लासाचा डाग होता. त्यांची काही चूक नाही, अख्ख्या कागदावर तेवढाच एक गोल नीट होता.

काका काही बोलले नाहीत. खिशातून खडूचा तुकडा काढला आणि बाजूच्या काळ्या पत्र्यावर सात-आठ रेघांत अख्खी खवणी काढली. पाती एका झटक्यात, अक्ष बरोबर दांड्यावर, करंजी नाही काही नाही. वर म्हणाले, "नारळ डाव्या हातात धरणार ना ताई? मग दांडा उजवीकडं पाहिजे. तुमच्या चित्रात त्यांना उलट्या हातानं फिरवावा लागंल."

२६ स्केचेसमध्ये हे मला दिसलं नव्हतं!

"काका, चित्रकला शिकलात कुठे?"

"काय?"

"चित्रकला! कुठे शिकलात?" मी लेथच्या आवाजावर ओरडलो.

"इथंच! बोललेलं ऐकू कुठं येतंय, काढूनच दाखवावं लागतं!"

मी गुपचूप फोटो काढला, कडेचं ग्रीस क्रॉप केलं आणि बॉसला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "काळा कागद आणि पांढरी पेन्सिल, छान कल्पना. हात बसला की तुझा. आता उरलेली ४९ पण अशीच हवीत, सोमवारी."