चित्रं म्हणजे नुसती सजावट नव्हे
‘फरशा जुळवण्याच्या खेळात चित्रं ही सजावट, खरी मजा नियमांत’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. कार्कासोन या फरशा जुळवण्याच्या खेळाच्या ७२ तुकड्यांत चित्र हाच नियम आहे. रस्त्याला रस्ता, तटाला तट. इथं परभणीत भाच्यांना शिकवताना दौलताबादचा किल्ला आठवा म्हटलं, पुढचं त्यांनीच लावलं. शेतात आडवी ठेवलेली शेतकऱ्याची सोंगटी डाव संपेपर्यंत तिथंच अडकते, तिचे गुण अगदी शेवटी. शेतकऱ्याच्या पोरांना हे समजवावं लागलं नाही, पेरलं की सुगीपर्यंत थांबायचंच. नुसत्या रंगीत चौकोनांवर हा नियम कोणाच्या ध्यानात राहिला असता?

अझूल या दुसऱ्या फरशांच्या खेळाबाबत लेखकाचं थोडं खरं आहे. पोर्तुगीज फरशांची नक्षी काढली तरी डाव चालेल, पण तो पुन्हा मांडावासा कोणाला वाटेल असं मला वाटत नाही.