वेणी घालणारी आई लेखात कुठे आहे?

कोल्हापुरी चपलेच्या कारागिरांवरचा तुमचा लेख वाचला. 'कोल्हापुरी चपलेचं कसब बापाकडून लेकाकडे येतं' हे त्यातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, तळ कापायचे, ठोकायचे ही कामं आमच्या घरी वडील करतात, हे खरं. पण चपलेच्या दोन्ही बाजूंचे कान शिवणं आणि पट्ट्यावरची वेणी घालणं हे सगळं आईचं, आणि मी तिच्याच शेजारी बसून शिकले. चामड्याच्या बारीक वाद्या किती भिजवायच्या हे ती नुसत्या बोटांनी ओळखते. जास्त ओल्या राहिल्या तर वाळल्यावर आकसतात आणि वेणीत फटी पडतात. माझी वेणी सैल झाली की ती ओरडत नाही, फक्त "उसव" म्हणते. आजही म्हणते, आणि तिचंच बरोबर असतं.

२०१९ साली चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागाचीच खास वस्तू अशी सरकारी नोंद, मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकचे चार-चार जिल्हे त्यात आले, त्याचा अभिमान आहेच. पण घरी आलेला व्यापारी असो की फोटो काढणारे, कारागीर म्हणून बोलतात ते वडिलांशी. आईच्या कामाची वेगळी मजुरी कुणी धरत नाही, जोडाच्या किमतीत ती मुरून जाते. नवी पिढी या धंद्यात का टिकत नाही, असं लेखात विचारलंय. आमच्या गल्लीतल्या कितीतरी मुली चामडं शिवायची आरी चालवतात की! त्यांना वेणीचे, शिलाईचे पैसे त्यांच्या हातात मिळू देत. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा या बायकांशी आधी बोला.