आधी लेन्सची किंमत सांगा!

कॅमेरा घ्यायला गेलं की कोणीही तुम्हाला कॅमेऱ्याची किंमत सांगत नाही. बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याची, सांगतात. जाहिरातीत बॉडी, दुकानाबाहेरच्या फलकावर बॉडी, ईएमआयचं गणितही बॉडीचंच. नुसत्या बॉडीनं एकही फोटो निघत नाही हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. तरी काउंटरमागचा मुलगा खुशाल सांगतो, "मॅडम, बॉडी बुक करून टाका, ऑफर संपतेय. लेन्सचं नंतर बघू." नंतर म्हणजे कधी? पैसे यांच्या गल्ल्यात गेले आणि माझ्यापुढे दुसरा रस्ताच उरला नाही, की मग!

गेले कित्येक महिने मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा, घ्यायचा की नाही हे भिजत घोंगडं पडलंय आणि आता खरंच डोकं उठलंय. मला पक्ष्यांचे फोटो काढायचे असतात. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित आणि ऑस्प्रे, उन्हाळा लागला की सिंहगडाच्या खोऱ्यात स्वर्गीय नर्तक, मधल्या काळात सासवडकडच्या माळावर भोवत्या (हॅरियर). हे सगळं मी एका जुन्या, आरसावाल्या डीएसएलआरवर आणि दोन किलोंहून जड लेन्सवर करते. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की मुद्दा राहतो बाजूला आणि कोणाचा ब्रँड भारी यावर भांडणं सुरू होतात.

दुकानात मी हे सगळं सांगितलं. पक्षी म्हटलं, माळरान म्हटलं. ऐकून घेतल्यावर समोरच्यानं काय काढावं? छोटा पांढरा कॅमेरा. "हा लाइट पडेल मॅडम तुमच्या हाताला. व्लॉगिंगला एकदम बेस्ट." मी व्लॉगिंग हा शब्द उच्चारलासुद्धा नव्हता. माझ्याबरोबर माझा भाचा होता, ज्यानं आयुष्यात फोनशिवाय कशानं फोटो काढलेला नाही. यापुढची सगळी माहिती तो मुलगा भाच्याकडे बघून देत होता. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं भाच्याला! बाईमाणूस पहाटे चारला उठून दोन किलोंची लेन्स घेऊन होडीत बसू शकते, हे यांच्या डोक्यात शिरतच नाही.

हे सगळं सोडून घरी जाता आलं असतं. पण मिररलेस खरोखर चांगली चीज आहे, घोडं तिथंच अडलंय. मी हट्टानं वरच्या रेंजमधली एक बॉडी हातात घेतली, टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावायला लावली आणि दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. समोरच्या वायरवर पारवे बसले होते. बटण अर्धं दाबलं तर एक बारीकसा चौकोन थेट पारव्याच्या डोळ्यावर जाऊन बसला. पारवा उडाला, गाड्यांवरून वळला, मागच्या झाडाच्या फांद्यांआड गेला आणि पलीकडून बाहेर आला. चौकोन डोळ्यावरच. माझ्या डीएसएलआरनं फांदी दिसल्याबरोबर फोकस फांदीवर टाकला असता आणि मागे पक्ष्याच्या जागी करडा ढग आला असता. असे माझे किती फ्रेम वाया गेलेत ते मला माहीत आहे. शटरचा आवाज नाही, फोटो उजळ येणार की काळा हे काढायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. हे मला हवंय. म्हणूनच जो तो माझा खिसा कापायला टपलाय याची चीड येते.

आता लेन्सकडे या. स्वस्त बॉडीबरोबर जी किट लेन्स गळ्यात मारतात, तिच्याकडे नीट बघा. डीएसएलआरच्या काळात कॅननची १८-५५ एमएमची किट लेन्स एफ/३.५ ते ५.६ होती (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). आज त्यांच्या आर ५० सोबत येते १८-४५, एफ/४.५ ते ६.३. पल्ला कमी, उजेडही कमी. नवीन तंत्रज्ञान, नवीन माउंट (लेन्स बॉडीला जिथं बसते तो जोड), आणि घरात संध्याकाळी लेकराचा फोटो काढायचा तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, आणखी वर न्यायचा आणि फोटोत दाणे म्हणजे नॉइज आणायचा. सॉफ्टवेअर नॉइज काढून टाकतं म्हणे! मग पैसे सॉफ्टवेअरचे घ्या ना, लेन्सचे कशाला?

आणि हूड. लेन्सच्या तोंडाला लावायची प्लास्टिकची नळी, बाकी काही नाही. कॅननच्या लाल पट्टीवाल्या महागड्या एल लेन्सबरोबर हूड मिळतो, साध्या लेन्सबरोबर मिळत नाही. आरएफ १००-४००, जी हौशी पक्षीवाले त्यातल्या त्यात परवडते म्हणून घेतात, तिचा हूडही वेगळा विकत घ्यायचा. भिगवणला सकाळी सूर्य पाण्यावरून सरळ लेन्समध्ये घुसतो, तेव्हा त्या नळीशिवाय सगळा फोटो पांढुरका येतो. ही चैन नव्हे, गरज आहे. लेन्सला हजारो रुपये मोजणाऱ्याला प्लास्टिकचा तुकडा देताना यांच्या जिवावर येतं. काही बॉडींबरोबर आता चार्जरही येत नाही. यूएसबी-सी वायरनं करा म्हणे चार्ज. म्हणजे बॅटरी बॉडीत अडकवून ठेवायची आणि तोवर कॅमेरा भिंतीला बांधून ठेवायचा.

बॅटरीचं तर विचारूच नका. निकॉनच्या डी७२०० या डीएसएलआरचं कंपनीनं दिलेलं माप एका चार्जमध्ये १,११० फोटोंचं. त्यांच्याच झेड५०-टू या मिररलेसचं अडीचशेच्या आसपास. प्रत्यक्षात बर्स्ट (धडाधड सलग फोटो) मारला की दोन्हीकडे आकडा वाढतो, हे मान्य. पण मिररलेसमध्ये सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू असतात, तर वीज खाणारच. सकाळभर होडीत बसायचं तर दोन जादा बॅटऱ्या घ्या. त्यांची किंमत बॉडीच्या जाहिरातीत कुठंच नसते.

खरी मेख मात्र माउंटमध्ये आहे, आणि त्याबद्दल दुकानात चकार शब्द निघत नाही. निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा. कॅननचा ईएफ १९८७ चा. तीन-तीन, सहा-सहा दशकं लोकांनी त्या भरवशावर लेन्स जमवल्या. बापाची लेन्स पोरीनं वापरली. २०१८ मध्ये दोघांनीही नवे माउंट काढले, निकॉननं झेड आणि कॅननं आरएफ. आरसाच नाही म्हटल्यावर लेन्स सेन्सरच्या जवळ आणता येते, नव्या लेन्सची रचना सुधारते, हे कारण खरं आहे, माझी त्याला हरकत नाही. पण मग जुन्या लेन्सवाल्याचं काय? "अडॅप्टर आहे ना!" आहे, जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवणारी कडी. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये पहिल्यापासून मोटर लेन्समध्येच असल्यामुळे त्या अडॅप्टरवर व्यवस्थित चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मात्र फोकसची मोटरच नाही. ज्या जुन्या डी लेन्स बॉडीतल्या स्क्रूवर फोकस करायच्या, त्या झेड बॉडीवर हातानं फिरवत बसा. ५० एमएम १.८डी ही कितीतरी जणांची पहिली पोर्ट्रेट लेन्स असेल. एका अडॅप्टरपायी तिचा ऑटोफोकस गेला.

बरं, नवीन माउंटवर भरवसा तरी का ठेवायचा? कॅननचा ईएफ-एम २०१२ मध्ये आला, लोकांनी लेन्स घेतल्या, २०२३ मध्ये बंद. निकॉन १ २०११ मध्ये आला, २०१८ मध्ये बंद. सॅमसंगनं तर एनएक्स कॅमेऱ्यांचा सगळा बाजारच गुंडाळला. तेव्हाही कोणीतरी काउंटरवर उभं राहून "फ्युचर हेच आहे, साहेब" असंच सांगत असणार. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स पंधरा वर्षं राहते. म्हणजे माझा निर्णय बॉडीचा नाहीच, पुढची पंधरा वर्षं कोणाच्या दावणीला बांधून घ्यायचं त्याचा आहे.

दावणीला बांधायला तर हे बसलेलेच आहेत. दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स करणाऱ्या सिग्मा, टॅमरॉन यांच्यामुळे आमच्यासारख्यांना डीएसएलआरच्या काळात १५०-६०० एमएमची टेली परवडली. कॅननच्या आरएफ माउंटवर बाहेरच्यांच्या ऑटोफोकस लेन्सना बंदी, २०२२ मध्ये व्हिल्ट्रॉक्स या अशाच बाहेरच्या कंपनीला ऑटोफोकस लेन्स विकणं थांबवावं लागलं. २०२४ मध्ये दार किलकिलं केलं ते फक्त क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरच्या लेन्सना. निकॉनवर टॅमरॉनच्या काही लेन्स परवान्यानं येतात, पण सिग्माची मिररलेससाठी केलेली १५०-६०० निघाली ती सोनी आणि लायका-पॅनासोनिकच्या एल माउंटला. मग सोनी घ्यावा? तिथं लेन्स भरपूर, २०१० पासूनचा माउंट. पण त्यांच्या जलद बॉडींवर बाहेरची लेन्स लावली की सेकंदाला १५ फोटोंवर वेग अडवून ठेवतात आणि बाहेरच्या लेन्सना टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोडभाग) चालतच नाही. तिघांनी तीन बाजूंनी कुंपण घातलंय आणि मधे आपण उभे.

त्यात भर जाणकारांची. "घ्यायचाच तर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) घे." अरे, पक्ष्यांसाठी? क्रॉप सेन्सरवर ५०० एमएमची लेन्स ७५० सारखी दिसते, एवढ्यासाठी तर आम्ही क्रॉप वापरतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर तेवढाच तुकडा कापला तर हातात साडेदहा मेगापिक्सेल उरतात. तो पक्षी तेवढाच मोठा हवा असेल तर आणखी लांब लेन्स घ्या, म्हणजे आणखी लाख-दीड लाख. आणि क्रॉप घ्यायचा तर चांगला क्रॉप देत कोण? निकॉनची डी५०० ही क्रॉप डीएसएलआर २०१६ ची, सेकंदाला १० फोटो, दणकट अंग, पक्षीवाल्यांची लाडकी. तिच्या तोडीची क्रॉप मिररलेस निकॉननं काढलेलीच नाही. झेड५०-टू मध्ये बॉडीत स्थिरीकरण (हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय) नाही, कार्डाला एकच खाच. कॅननच्या आर ५०, आर १० मध्येही बॉडीत स्थिरीकरण नाही. आणि जिथं वेगाचे मोठमोठे आकडे छापतात, ते इलेक्ट्रॉनिक शटरचे असतात. स्वस्त सेन्सर वरून खाली एकेक ओळ सावकाश वाचतो, तोवर पक्ष्यानं पंख हलवलेला असतो आणि फोटोत पंख वाकडा येतो. सुरय (टर्न पक्षी) पाण्यात सूर मारतानाचा असा फोटो बघा एकदा, पंख मोडल्यासारखा दिसतो. जलद वाचणारा स्टॅक्ड सेन्सर हवा? या, अडीच-तीन लाखांच्या काउंटरला या.

यूट्यूबवर शोधायला जावं तर तिथं दर सहा महिन्यांनी सगळंच बदलून टाकणारा कॅमेरा येतो. बॉडी ऐंशी हजारांची आणि नमुन्याचे फोटो तीन लाखांच्या लेन्सवर काढलेले. लेन्सचं नाव बारीक अक्षरात, तेही सांगितलं तर. ज्याला कंपनीनं आठवड्यासाठी कॅमेरा वापरायला दिलाय आणि ज्याला लिंकमागे कमिशन आहे, त्याच्या तोंडून "सध्या थांबा" हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. गाड्यांबद्दल, फ्रिजबद्दल लोक इतके प्रश्न विचारतात, मग इथं सगळे गप्प का?

शेवटी मी विचारलं, जुना डीएसएलआर एक्स्चेंजला दिला तर? मुलानं तो उलटासुलटा केला, ग्रिपचं सुटलेलं रबर नखानं उचलून बघितलं, शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत ते, काढला आणि किमतीचा आकडा सांगितला. त्या आकड्यात एक बरी कॅमेऱ्याची बॅग आली असती. "आता डीएसएलआर कोण घेतं, मॅडम." त्याच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटात माझंच मॉडेल होतं, सेकंडहँड, त्या आकड्याच्या तिप्पट किमतीची चिठ्ठी लावलेलं. मी बोट दाखवलं. "तो पीस वेगळा आहे." कसा वेगळा? त्याचंही रबर सुटलं होतं! मग हळू आवाजात दुसरा प्रस्ताव आला, बिलाशिवाय घेतला तर बारा-पंधरा हजार कमी, "वॉरंटी दुकानाची." दुकानाची वॉरंटी म्हणजे काय ते जे ग्रे मार्केटचा, म्हणजे अधिकृत विक्रीबाहेरचा, माल घेऊन सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरून हात हलवत परत आलेत त्यांना विचारा. बिलानं घ्यायचं तर १८ टक्के जीएसटी. लग्नाचे फोटो काढणाऱ्या नोंदणीकृत स्टुडिओला तो वळता करून घेता येतो, पगारातून पै-पै साठवणाऱ्या आमच्यासारख्यांना नाही. सरळ मार्गानं जाणाऱ्यानंच जास्त भरायचं.

घरी येऊन मी सगळं कागदावर मांडलं. बॉडी, अडॅप्टर, जादा बॅटऱ्या, जलद कार्ड, पुढं कधीतरी लागणारी नव्या माउंटची टेली, तिचा हूड. जाहिरातीतल्या आकड्याच्या तिप्पट बेरीज झाली, तीही काटकसर धरून.

यंदा घेत नाही. जानेवारीत भिगवणसाठी बॉडी आणि टेली दोन्ही भाड्यानं आणणार, स्वतःच्या हातानं, त्या उन्हात, त्या होडीत वापरून बघणार. पारव्यावर चालणारा चौकोन पाण्यावरून झेपावणाऱ्या सुरयावर टिकतो का ते मला दुकानाच्या दारातून कळणार नाही. आणि या तिन्ही कंपन्यांना सांगायचं ते एवढंच: क्रॉप सेन्सरची, जलद वाचणारी, बॉडीत स्थिरीकरण असलेली एक दणकट बॉडी काढा, तिच्यावर सिग्मा-टॅमरॉनला मोकळेपणानं येऊ द्या, हूड खोक्यात घाला आणि लेन्ससकट एकच किंमत छापा. त्या दिवशी मी पक्कं बिल घेऊन, जीएसटी भरून, पूर्ण पैसे देऊन घेईन.